मामंजींचं रेडिओवरचं भाषण

रेडिओवर माणूस खोटं बोलू शकत नाही, असं आमच्या मामंजींचं ठाम मत होतं. देवळात बोलू शकतो, कोर्टात बोलू शकतो, पंचायतीत तर बोलतोच. पण रेडिओवर नाही. "देवळात खोटं बोललं तर देव पोटात घालतो गो," ते मला म्हणायचे, "रेडिओवरचा शब्द एकदा हवेत गेला की गेला. तो परत कसा आणणार?"

आमचे मामंजी म्हणजे निर्मळचे शत्रुघ्न राऊत. गावात त्यांना सगळे भाऊ म्हणत. चौथीपर्यंत शाळा, दोन एकरांची वाडी, पुढच्या अंगाला राजेळी केळी, मागे नारळ, कडेनं मोगरा. उंचीनं कमी, पण आवाज असा की वाडीच्या टोकाला उभं राहून हाक मारली तर घरातलं मांजर जागं व्हायचं. सासूबाई गेल्यावर त्यांना दोनच सोबती उरले, केळी आणि रेडिओ.

सकाळी साडेआठला दिल्लीच्या मराठी बातम्या लागत. सव्वाआठला मामंजी वाडीतून येत, पाय धूत, डोक्यावरची टोपी नीट करत आणि ओटीवर भिंतीला टेकून बसत. रेडिओ फळीवर, त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर. बातम्या चालू असताना घरात कोणी बोलायचं नाही, हा नियम. मी लग्न होऊन आले त्याच्या तिसऱ्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. मी आतून विचारलं, "मामंजी, चहा टाकू का?" सासूबाईंनी माझा हात धरून मला चुलीपाशी ओढलं. "बातम्या चालल्यात," त्या कुजबुजल्या. "या घराला आग लागली तरी पाणी हळू ओतायचं, बातम्या संपेपर्यंत."

पुढे मलाही ती सवय लागली. दहा मिनिटं घर गप्प. दिल्लीत सरकार पडलं, कुठे रेल्वे घसरली, कुठे दुष्काळ जाहीर झाला, सगळं आम्ही गप्प राहून ऐकलं. कोणी मोठा माणूस गेल्याची बातमी आली की मामंजी टोपी काढून मांडीवर ठेवत आणि त्या दिवशी विहिरीची मोटर लावत नसत. बातम्यांनंतर कुणा जाणकाराचं भाषण असलं की मात्र त्यांचं तोंड सुटे. "अरे बाबा, अर्थव्यवस्था कळली. आमच्या केळीचं काय ते बोल!" असं ते त्या रेडिओला म्हणत. दुपारी वाडीत तण काढणाऱ्या बायकांना ते सकाळच्या सगळ्या बातम्या पुन्हा सांगत. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत, हसत. पण ऐकत.

त्यांच्या आयुष्यात दुसरं सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. म्हणून शहाण्णव साली जे घडलं त्याचा धक्का मला अजून ओसरलेला नाही.

त्या वर्षी पाऊस सरल्यावर मुंबई केंद्राचं पत्र आलं. खाकी सरकारी पाकीट. शेतकऱ्यांसाठी संध्याकाळी जो कार्यक्रम असतो त्यात ‘वसईची केळी आणि पाणी’ या विषयावर दहा मिनिटांचं भाषण द्यावं, लिखित मजकूर आधी पाठवावा. आगाशीला कृषी प्रदर्शनात मामंजींच्या राजेळीच्या घडाला बक्षीस मिळालं होतं, तिथे रेडिओच्या कुणा साहेबांनी त्यांना बोलताना ऐकलं असावं. मामंजींनी पत्र तीन वेळा माझ्याकडून वाचून घेतलं. मग देवघरात ठेवायला सांगितलं. मी हळद-कुंकू लावून ठेवलं.

"वसुंधरा," ते म्हणाले, "तू रोज वहीत काय काय लिहितेस. अक्षरही चांगलं आहे. मी बोलतो, तू उतरव."

चार संध्याकाळी आम्ही बसलो. पूर्वी विहिरीवर रहाट होता, त्याला जुंपलेला रेडा कसा दुपारी बरोबर बाराला थांबायचा आणि मारला तरी हलायचा नाही. राजेळीची सुकेळी कशी उन्हात घालतात, कावळे कसे हाकलतात. बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, पावसाचं गोडं पाणी कसं साठतं आणि ते विहिरींना कसं जगवतं. सगळं त्यांचं, शब्द फक्त मी थोडे नीट केले. शेवट मात्र माझा. मला वाटलं, भाषण गोड संपावं.

त्या शेवटासाठी एक आधीची गोष्ट सांगायला हवी. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात आमच्या भागात टँकर शिरले. स्टेशनकडे बिल्डिंगा उठत होत्या, त्यांना पाणी हवं होतं आणि ते आमच्या विहिरींत होतं. काही गावांतल्या लोकांनी दिवसभर मोटरी लावून पाणी विकलं. उपसा इतका झाला की खालून समुद्राचं खारं पाणी विहिरीत चढलं, केळीच्या पानांच्या कडा जळाल्या. तेव्हा आमच्या आळीनं ठरवलं की आपण शब्द द्यायचा. प्रत्येक घरच्या बाईनं आपल्या विहिरीचं पाणी तांब्यातून न्यायचं, तलावाकाठच्या देवळात पिंडीवर घालायचं आणि म्हणायचं, "हे पाणी माझ्या वाडीचं, हे मी विकणार नाही." आमच्या घरचा तांब्या मी नेला होता. मामंजी आणि हे, म्हणजे माझे यजमान, माझ्या मागे हात जोडून उभे होते.

म्हणून मी भाषणाच्या शेवटी लिहिलं: "पाण्याचा बाजार सुरू झाला, तरी आमच्या आळीनं देवापुढे शब्द दिला. आमच्या घरानं तो पाळला. आमच्या विहिरीचा एक थेंबही विकला गेला नाही."

तो शेवट मी वाचून दाखवला.

"हे कशाला?" मामंजी म्हणाले.

"खरं आहे म्हणून. चांगलं असेल ते सांगायला लाजायचं कशाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असू दे," म्हणाले, आणि चपला घालून वाडीच्या टोकाकडे गेले. मला वाटलं, स्वतःची स्तुती त्यांना आवडली नाही. जुनी माणसं ती.

वाडीच्या टोकाला आमची दुसरी विहीर आहे. घराजवळची आम्ही प्यायला वापरतो, टोकाची केळीला. तिकडे मी क्वचितच जात असे. तिला लागूनच कुंपण, कुंपणापलीकडे फ्लॉसीची वाडी. फ्लॉसी गिरीज गावची लेक, निर्मळला दिलेली. नवरा गेल्यापासून मोगरा आणि भाजी करून एकटी राहायची. गेल्या दोन उन्हाळ्यांत तिची विहीर खारी झाली होती. मोगरा सुकला. "देवानं समुद्रच माझ्या दारात आनला गो वसूबाय," ती म्हणायची. मी रोज सकाळ-संध्याकाळ आमच्या घरच्या विहिरीचं दोन हंडे पाणी तिला द्यायची. तहानलेल्याला पाणी देण्याची संधी देवानं मला दिली, असं मी वहीत लिहून ठेवलं आहे. ते पान फाडावंसं वाटतं. पण फाडलेलं नाही.

ठरल्या दिवशी मामंजी धुतलेलं धोतर नेसून एकटेच मुंबईला गेले. हे सोबत जातो म्हणाले, तर "नको" म्हणाले. संध्याकाळी परत आले तेव्हा फ्लॉसी हंडा भरायला आली होती.

"कसं झालं?" मी विचारलं.

"झालं."

"घाबरलात का?"

"कुणाला घाबरायचं? काचेपलीकडे एक साहेब, आणि समोर बोलायला एक डबी. डबी काय बोलणार?" मग पाय धुता धुता म्हणाले, "बरं वाटलं."

पंधरा दिवसांनी, गुरुवारी संध्याकाळी, भाषण लागणार होतं. हे इतके आनंदले होते की त्यांनी स्वतः आगाशीच्या बाजारातून पेढे आणले. आळीतल्या पाच-सहा घरांना आमंत्रण. ओटीवर सतरंज्या घातल्या. आमची क्षितिजा, तेव्हा दहा वर्षांची, घड्याळासमोर बसून मिनिटं मोजत होती. फ्लॉसी मोगऱ्याऐवजी कर्दळीची फुलं घेऊन आली. "भाऊ, तुम्ही आता मोठं झाले, आमच्याशी बोलाल ना?" तिनं थट्टा केली. सगळे हसले. मामंजी हसले नाहीत.

निवेदिकेनं नाव घेतलं. शत्रुघ्न राऊत, निर्मळ. ह्यांनी अभिमानानं सगळ्यांकडे पाहिलं. मग मामंजींचा आवाज आला, थोडा जाड, थोडा लांबून. रेड्याच्या गोष्टीवर ओटी हसली. सुकेळीच्या कावळ्यांवर परत हसली. मी देवघराच्या दारात उभी राहून ओठांतल्या ओठांत सगळं सोबत म्हणत होते. पाठच होतं मला.

"पाण्याचा बाजार सुरू झाला, तरी आमच्या आळीनं देवापुढे शब्द दिला."

माझं वाक्य. मी पुढचं म्हणायला तोंड उघडलं. रेडिओ गप्प. कागद वाजला. तो माझा कागद होता.

"इथं माझ्या सुनेनं एक वाक्य लिहिलंय," मामंजींचा आवाज म्हणाला. "ती देवाची बाई आहे, तिला माहीत नाही. ते वाक्य मी वाचणार नाही. माझ्या वाडीच्या टोकाच्या विहिरीचं पाणी दोन वर्षं टँकरनं जातंय. पाटाखाली पाइप पुरलाय, तो रस्त्यापर्यंत जातो. माझा मुलगा विकतो. मला आठ महिने झाले कळून, मीही गप्प बसलो. त्या उपशानं शेजारणीची विहीर खारी झाली. केळीबद्दल सांगायला बोलावलं होतं, सांगितलं. नमस्कार."

ते त्या साहेबांनी का ठेवलं, कापलं का नाही, मला आजतागायत कळलेलं नाही.

कोणी काही बोलण्याआधीच वेळेचे टोले पडले. सात वाजले होते. बातम्या.

आणि त्या घरात बातम्या चालू असताना कोणी बोलत नाही, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी उठतही नाही. त्यामुळे ती पंधरा-वीस माणसं तशीच बसून राहिली, हातात अर्धे पेढे घेऊन. दिल्लीत कुठलीशी बैठक झाली. कुठे तरी पूर ओसरला. कुणी परदेशाहून परत आलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या कानशिलाची शीर उडत होती, ओठ हलत होते, आणि तरी हेसुद्धा बोलले नाहीत. लहानपणापासूनची सवय. फ्लॉसी रेडिओकडेच बघत होती, जणू तो पुढे अजून काही तिच्याबद्दल सांगणार होता. मामंजी भिंतीला टेकून, डोळे मिटून, एकेक बातमी ऐकत होते. माझ्या पायांखालची जमीन कुणी तरी ओढून नेली होती आणि रेडिओ सांगत होता की कोकण किनाऱ्यावर आकाश निरभ्र राहील.

बातम्या संपल्या. मामंजींनी उठून रेडिओ बंद केला.

"मुंबईला जाऊन माझी अब्रू काढलीत!" हे ओरडले. "घरात बोलता आलं नाही?"

"आठ महिने घरातच होतो की," मामंजी म्हणाले. "रोज तू समोर जेवलास. मला वाटायचं, आज सांगेल."

"आणि तुम्ही? तुम्ही का नाही विचारलंत?"

मामंजी पुन्हा भिंतीला टेकून बसले.

मी मध्ये पडले. इतक्या माणसांसमोर मी ह्यांना कधी उलट प्रश्न केला नव्हता. "मी पिंडीवर पाणी घातलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही मागे उभे होता. हात जोडून."

"तू कुठल्या विहिरीचं पाणी नेलं होतंस?" ह्यांनी मला विचारलं. "घराजवळच्या ना? मग? त्या विहिरीतलं मी विकलंय का थेंबभर तरी? शपथ त्या विहिरीची होती. टोकाच्या विहिरीची नव्हती."

हे त्यांनी आत्ता सुचून म्हटलं नव्हतं. दोन वर्षं हा हिशेब त्यांच्या डोक्यात तयार होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. सकाळी देवाला नमस्कार करून जाणारा माणूस, त्याच देवाशी अशी वकिली करत होता. मला त्या पाइपापेक्षा ह्याचा धक्का जास्त बसला.

माणसं एकेक करून उठली. चहा केलेला होता, कोणी घेतला नाही. पेढे सतरंजीवर ठेवून गेले. फ्लॉसी शेवटी उठली. ती ह्यांच्याकडे गेली नाही, माझ्याकडेही नाही. मामंजींसमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "सगळ्या महाराष्ट्राला सांगितलं तुम्ही. मुंबईपर्यंत गेले सांगाया. माझं घर कुंपनापलीकडं हाय."

मामंजींनी मान वर केली.

"आठ महिने मी तुमच्या दारात हंडा घेऊन येते. आठ महिने तुम्ही मला म्हनता, ये फ्लॉसी, भर. डबीला सांगाया बरं वाटलं, नाय?"

मामंजींचा चेहरा असा झालेला मी सासूबाई गेल्या तेव्हाही पाहिला नव्हता. त्यांना वाटलं होतं, आपण सगळ्यांत अवघड काम करून आलो. ते तोंड उघडून बसले, शब्द आला नाही. इतका मोठा आवाज त्यांचा.

"तुमच्या किसनाला माझ्या दारात येऊन बोलू दे," फ्लॉसी जाता जाता म्हणाली. "रेडिओ नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मामंजींनी रेडिओ लावला नाही. त्या संध्याकाळीही नाही. घरात कोणीही केव्हाही बोलू शकत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. क्षितिजा शाळेतून आली की पुस्तक घेऊन मागच्या दारी जाऊन बसायची. हे जेवायला येत, खाली मान घालून जेवत. टोकाची मोटर बंद होती. टँकरवाला एकदा येऊन दारातूनच ह्यांच्याशी काही बोलून गेला, जोरात. फ्लॉसी पाण्याला येईनाशी झाली. मी हंडा भरून कुंपणापर्यंत नेला, तिनं तो उचलला नाही. संध्याकाळी तसाच भरलेला परत आणला.

रविवारी ती चर्चमधल्या मिस्साहून परत आलेली मी पाहिली. थोड्या वेळानं मामंजी धुतलेली टोपी घालून निघाले. नेहमीची काठीही न घेता. मी मागोमाग गेले, लांबून. ते फ्लॉसीच्या पायरीखाली उभे राहिले आणि टोपी काढून हातात धरली.

"मला आधी तुला सांगायला हवं होतं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मला दोन पावलं पुढे जावं लागलं. "तुझ्या तोंडाकडे बघून सांगायची हिंमत नव्हती. तिकडे कोणी बघत नव्हतं."

तेवढ्यात माझ्या बाजूनं हे पुढे गेले. केव्हा मागे येऊन उभे राहिले होते, मला कळलंच नाही. वडिलांना दुसऱ्याच्या पायरीखाली टोपी हातात धरून उभं पाहिलं, तेव्हा ह्यांना राहवलं नसावं. तेही जाऊन शेजारी उभे राहिले.

"टोकाच्या विहिरीचं मीच विकलं," हे म्हणाले. "तुमच्या विहिरीचं तसं होईल, हे मला कळत होतं. नव्हतं कळत, असं नाही."

फ्लॉसी आत गेली. मला वाटलं, दार लावेल. पण आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात, मग तो कोणी का असेना. ती बशीवर दोन ग्लास घेऊन आली. तिच्याच विहिरीचं पाणी होतं, दुसरं तिच्याकडे नव्हतंच त्या दिवशी.

मामंजींनी ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. ह्यांनी एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं झालं, आणि थुंकायला जागा शोधायला मान वळली.

"काय रे किसना, गोड नाय?" फ्लॉसी म्हणाली.

ह्यांनी घोट गिळला. मग उरलेलं सगळं प्यायले. ग्लास बशीवर ठेवला. ते कुंपण ओलांडून आमच्या वाडीच्या टोकाकडे गेले, आणि थोड्या वेळानं तिकडून पाटाखालचा पाइप उपसल्याचा आवाज यायला लागला. चिखलातून काही तरी मोठं ओढत आणल्यासारखा.

फ्लॉसीची विहीर त्यानं लगेच गोडी झाली असं नाही. चार पावसाळे गेले तरी तिच्या पाण्याला किंचित खारटपणा होता. मामंजी नव्व्याण्णव साली गेले, तोवर रोज सकाळी तिच्याकडे दोन हंडे स्वतः पोचवत राहिले, बातम्या बुडाल्या तरी. पण ते पुढचं.

त्या रविवारी मी तशीच कुंपणापाशी उभी होते. पुढे जावं की परत जावं, सुचत नव्हतं. फ्लॉसीनं माझ्याकडे पाहिलं.

"वसूबाय, तू का बाहेर? तुझ्याच घरची मानसं हायत ना ही? ये."

ती पुन्हा आत गेली आणि तिसरा ग्लास भरून आणून माझ्यासमोर धरला.